अंधाराची पातळी

घरात कृष्णधवल टीव्ही असण्याचा काळ ज्यांनी पाहिला, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. चित्रपटात रात्रीचा प्रसंग येई, नायक काळोखातून चालत जाई, आणि पडदा मात्र काळा होत नसे; राख फासल्यासारखा करडा उजेड त्यावर पसरलेला असे. पुढचाच प्रसंग भर दुपारच्या मैदानातला असला की नेमके उलटे. झाडाखालची सावली, माणसांचे केस, वकिलाचा कोट हे सगळे एकाच शाईच्या डागात बुडून जाई. मग कोणीतरी उठून ब्राइटनेसचे बटण पिळी आणि दुसरे कोणी गच्चीवर जाऊन अँटेना. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्यानंतर बरीच वर्षे हा खेळ घरोघरी चालला. अँटेनाचा त्यात काही दोष नव्हता. सिग्नल जोरकस येत असे, चित्र रेखीव असे. काळा म्हणजे नेमका किती काळा, एवढेच तो टीव्ही विसरलेला असे. हा विसर कसा पडतो आणि तो घालवण्यासाठी दोन-तीन किरकोळ सुटे भाग कसे पुरतात, हे समजले की इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकात ‘क्लॅम्पर’ या नावाखाली पान-दीड पानात उरकलेला विषय बराच खोल आहे हे ध्यानात येते.

आकार वेगळा, पातळी वेगळी

विद्युत सिग्नल म्हणजे वेळेनुसार वरखाली होणारा व्होल्टेज. त्यात दोन गोष्टी असतात आणि त्या सहसा आपण एकत्रच पाहतो. एक त्याच्या चढउताराचा आकार, दुसरी तो आकार कोणत्या पातळीवर उभा आहे ती. बंदरातल्या होडीची डोलकाठी भरतीला लांब होत नाही आणि ओहोटीला आखूड होत नाही. पण धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला तिचे टोक कधी डोक्याच्या वर दिसते, कधी पायाशी. काठीची लांबी हा आकार, पाण्याची उंची ही पातळी. उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट आणि ० ते १० व्होल्ट अशा हेलकावणाऱ्या दोन लहरींची चित्रे शेजारी ठेवली तर काठी तीच आहे, पाणी तेवढे ५ व्होल्टने चढले आहे.

आवाजाच्या बाबतीत पाण्याच्या या उंचीला काही किंमत नसते. कानाला हवेच्या दाबातला बदल ऐकू येतो, स्थिर दाब ऐकू येत नाही. म्हणून रेडिओ आणि टेपरेकॉर्डर बनवणाऱ्यांनी पातळीची कधी फिकीर केली नाही. चित्राचे तसे नसते. तिथे प्रत्येक व्होल्टेजला ठरलेला अर्थ आहे: इतके असले तर पांढरा, इतके असले तर काळा. पातळी सरकली की अर्थच सरकतो.

विसराळू कोण?

पातळी हरवते ती कपॅसिटरमुळे. धातूच्या दोन पट्ट्या आणि मध्ये वीज न वाहू देणारा पापुद्रा, एवढीच त्याची रचना. एका पट्टीवर भार साठला की दुसरीवर विरुद्ध भार येतो आणि दोहोंमध्ये साठ्याच्या प्रमाणात व्होल्टेज उभा राहतो. चढउतार त्यातून पलीकडे पोचतात, स्थिर व्होल्टेज अडतो. अडतो म्हणजे काय, हे जरा सावकाश पाहायला हवे. कपॅसिटरच्या पलीकडे जमिनीशी जोडलेला एक रेझिस्टर असतो. सिग्नलची सरासरी शून्याच्या वर असेल तर त्या रेझिस्टरमधून सरासरीने एकाच दिशेला प्रवाह जात राहतो आणि तो कपॅसिटर भरत जातो. सिग्नलच्या सरासरीइतका व्होल्टेज कपॅसिटरवर साठला की हा एकतर्फी प्रवाह थांबतो. म्हणजे काही काळाने पलीकडे जाणाऱ्या लहरीची सरासरी आपोआप शून्य होते. मूळ पातळी कोणतीही असो, कपॅसिटर ती स्वतःच्या पोटात ठेवून घेतो.

यावर लगेच सुचणारा आक्षेप असा, की मग तो कपॅसिटर काढून का टाकत नाहीत? सुरुवातीच्या टीव्हीत निर्वात नळ्या असत. एका नळीच्या बाहेर पडणारा सिग्नल शे-दीडशे व्होल्टच्या उंचीवर उभा असे आणि पुढच्या नळीच्या जाळीला तो शून्याच्या आसपास हवा असे. दोघींना सरळ तारेने जोडणे म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या नळाची तोटी तळघरात उघडण्यासारखे. ट्रान्झिस्टर आले तेव्हा ही उंची कमी झाली, पण प्रत्येक टप्प्याची स्वतःची बैठक वेगळीच राहिली. त्यात सरळ जोडणी केली की पहिल्या टप्प्यातला तापमानाने झालेला बारीकसा बदलही पुढे पुढे मोठा होत जातो. कपॅसिटर या सगळ्या भानगडी एका फटक्यात मिटवतो. तो तिथे आहे तो चुकून राहिलेला नाही. सोय म्हणून मुद्दाम ठेवलेला आहे आणि विसर ही त्या सोयीची किंमत आहे.

किंमत किती?

आपल्याकडच्या ६२५ रेषांच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे १५,६२५ रेषा रेखल्या जात. एका रेषेला ६४ मायक्रोसेकंद. त्यातले सुमारे ५२ प्रत्यक्ष चित्राचे, उरलेले १२ पुढच्या रेषेच्या तयारीचे. या तयारीच्या वेळात सुमारे ४.७ मायक्रोसेकंदांची एक खोल घळ असते, तिला सिंक स्पंद म्हणतात. नवी रेषा कुठून सुरू करायची हे टीव्हीला त्यावरून कळते. प्रमाणित व्हिडिओ सिग्नल १ व्होल्ट उंचीचा असतो: घळीचा तळ ० वर, काळा ०.३ व्होल्टवर, पांढरा १ व्होल्टवर.

चौकट: काळा किती सरकतो?
पडदा पूर्ण काळा असताना ५९.३ मायक्रोसेकंद सिग्नल ०.३ व्होल्टवर आणि ४.७ मायक्रोसेकंद शून्यावर असतो. सरासरी सुमारे ०.२८ व्होल्ट. पडदा पूर्ण पांढरा असताना ५२ मायक्रोसेकंद १ व्होल्टवर, ७.३ मायक्रोसेकंद ०.३ वर आणि बाकी शून्यावर. सरासरी सुमारे ०.८५ व्होल्ट. कपॅसिटर ही सरासरी वजा करतो. म्हणून पहिल्या चित्रात काळा अधिक ०.०२ व्होल्टवर येतो, दुसऱ्यात उणे ०.५५ व्होल्टवर. (दोन चित्रांमधल्या मोकळ्या रेषा या हिशेबात सोडल्या आहेत.)

काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे सगळे अंतरच ०.७ व्होल्ट, आणि नुसता काळा ०.५७ व्होल्टने हलतो. घराचा पाया जवळजवळ घराच्या उंचीइतका वरखाली व्हावा तसे हे झाले. रात्रीच्या प्रसंगात सरासरीच काळ्याजवळ असल्यामुळे काळा वर उचलला जातो आणि करडा दिसतो. दुपारच्या प्रसंगात तो खोल ढकलला जातो आणि सावल्या बुडतात. ब्राइटनेसचे बटण एका प्रसंगापुरते हे सावरू शकते, पण प्रसंग बदलला की पुन्हा तेच.

गोदी, झडप आणि होडी

आता क्लॅम्पर. त्यात सिग्नलच्या वाटेत एक कपॅसिटर, आणि त्याच्या पुढे जमिनीशी जोडलेले एक डायोड व एक रेझिस्टर, एवढेच असते. डायोड म्हणजे विजेची एकमार्गी झडप. विहिरीतल्या पाइपच्या टोकाला बसवलेला फुटव्हॉल्व्ह पाणी वर येऊ देतो, परत जाऊ देत नाही, तसा.

अशी गोदी डोळ्यासमोर आणा, जिच्यात एक होडी ठराविक अंतर वरखाली हेलकावते आहे. गोदीत पाणी कमी आहे, म्हणून खालच्या हेलकाव्याला होडीचा तळ फरशीवर आपटतो. फरशीत एक झडप आहे. होडी टेकली की ती उघडते आणि बाहेरचे थोडे पाणी आत येते. पाणी चढते, होडी तेवढी उंच होते. होता होता अशी वेळ येते की सर्वात खालच्या हेलकाव्याला तळ फरशीला नुसता शिवतो. आता झडप उघडायला कारण उरत नाही. होडी आधी हेलकावत होती तितकीच हेलकावते आहे, पण आता तिचा सगळा खेळ फरशीच्या वर चालतो.

फरशी म्हणजे शून्य व्होल्ट, पाणी म्हणजे कपॅसिटरवरचा व्होल्टेज. उणे ५ ते अधिक ५ व्होल्टची लहर आत पाठवली की ती पहिल्यांदा खाली जाताना डायोड वाहू लागतो आणि कपॅसिटर भरतो. सिलिकॉनचा डायोड वाहायला साधारण ०.७ व्होल्ट मागतो, म्हणून कपॅसिटर ५ ऐवजी ४.३ व्होल्टपर्यंतच भरतो. नंतर लहर वर चढते, डायोड मिटतो, आणि भरलेला कपॅसिटर आपले ४.३ व्होल्ट प्रत्येक क्षणी लहरीत मिळवत राहतो. बाहेर पडते उणे ०.७ ते अधिक ९.३ व्होल्टची लहर. उंची तीच, १० व्होल्ट. डायोड उलटा बसवला तर माथा शून्याला टेकून सगळी लहर खाली लोंबते. डायोडच्या बुडाशी बॅटरी घातली तर शून्याऐवजी हव्या त्या व्होल्टवर टेकवता येते. जवळच्याच नावाचा क्लिपर यापेक्षा वेगळा. तो लहर कापतो. परीक्षेत या दोघांची गल्लत होते ती नावांमुळे, कामामुळे होण्याचे काही कारण नाही.

डायोड लहर उचलतो, असे वर्गात सर्रास म्हटले जाते. ते बरोबर नाही. लहर उचलून धरण्याचे काम चोवीस तास कपॅसिटर करतो. डायोड आवर्तनातला एक छोटासा क्षण जागा असतो, साठा पुरेसा आहे ना एवढे पाहतो आणि मिटतो. ज्या कपॅसिटरने पातळी गिळली, त्याच्याच साठ्यातून ती परत मिळते. कपॅसिटरने किती साठवायचे हे आता सरासरी ठरवत नाही, तळ ठरवतो, इतकाच फरक.

गळती हवीच

मग तो रेझिस्टर कशाला? गोदीला बारीक गळती हवी म्हणून. समजा उद्या होडी कमी हेलकावू लागली. तिचा तळ आता फरशीपर्यंत पोचतच नाही, आणि झडप पाणी बाहेर सोडत नाही. गळती नसेल तर होडी कायमची अधांतरी राहील. रेझिस्टरमधून कपॅसिटर हळूहळू रिकामा होतो, लहर खाली उतरते, तळ पुन्हा टेकतो, डायोड पुन्हा थोडे भरतो. ही गळती किती असावी यातच रचनेचे कसब आहे. सेकंदाला १००० आवर्तनांची लहर, १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० किलोओहमचा रेझिस्टर घेतला, तर दोघांचा गुणाकार, म्हणजे साठा ओसरायला लागणारा ढोबळ वेळ, ०.१ सेकंद येतो. एका आवर्तनाच्या शंभरपट. आपल्या उदाहरणात एका आवर्तनात जेमतेम ०.०४ व्होल्ट गळतो आणि लहरीचा आकार शाबूत राहतो. कपॅसिटर ०.०१ मायक्रोफॅरडचा केला तर हा वेळ एका आवर्तनाइतकाच होतो. होडी वर जाईपर्यंत पाणी ओसरलेले असते आणि लहर वाकडीतिकडी होते. दुसऱ्या टोकाला, फारच मोठा कपॅसिटर घेतला तर पातळी बदलल्याचे त्याच्या लक्षात यायला उशीर लागतो. भरणे झटपट आणि ओसरणे संथ, हा एककल्लीपणा क्लॅम्परच्या स्वभावातच आहे.

मुक्या डायोडला काळा रंग कसा कळतो?

इथे खरा आक्षेप येतो. कपॅसिटरने पातळी पुसून टाकली म्हणजे माहिती गेली. गेलेली माहिती एक डायोड कुठून आणणार? चित्रात काय चालले आहे, रात्र आहे की दुपार, हे त्याला ठाऊक असण्याची शक्यता नाही. आक्षेप रास्त आहे, आणि नुसत्या साइन लहरीचा विचार केला तर तो अखेरपर्यंत रास्तच राहतो. पुस्तकातल्या आकृत्यांमध्ये क्लॅम्परला साइन लहर दिलेली असते. तिची मूळ पातळी काय होती हे क्लॅम्पर शोधत नाही, तो तिच्यावर स्वतःची पातळी लादतो. बोलण्याचा सिग्नल त्यातून पाठवला तर मोठ्या आवाजाला एक पातळी, बारीक आवाजाला दुसरी, असा अर्थहीन निकाल मिळेल, कारण त्या लहरीचा तळ दर क्षणी वेगळा असतो. या आकृत्या गणित सोपे करतात, पण क्लॅम्पर कशासाठी आहे हे त्यांच्यातून उमगत नाही, असे माझे मत आहे.

टीव्हीच्या सिग्नलमध्ये मात्र पाठवणाऱ्याने आधीच एक खूण पुरून ठेवलेली आहे. चित्र कोणतेही असो, प्रत्येक रेषेत सिंकची घळ येणारच, आणि तिचा तळ काळ्याच्या बरोबर ०.३ व्होल्ट खाली असणारच. शेताच्या बांधावरचा हद्दीचा दगड जसा पीक कोणतेही असले तरी जागचा हलत नाही, तशी ही खूण. क्लॅम्पर सेकंदाला १५,६२५ वेळा लहर या दगडावर टेकवतो. दगड जागेवर आला की काळा जागेवर येतो, आणि मग रात्र आपोआप काळी व दुपार आपोआप उजळ. डायोडला चित्र कळावे लागत नाही. पाठवणारा आणि घेणारा यांच्यात करार झालेला आहे आणि डायोड तो पाळतो. म्हणूनच टीव्हीच्या परिभाषेत या कामाला पातळी सरकवणे न म्हणता पातळी पुनःस्थापित करणे म्हणतात.

करार मोडला की फसगत होते, हेही याच तर्काने समजते. शेजारून स्कूटर गेली, तिच्या स्पार्कचा खरखरता झटका सिग्नलमध्ये शिरला आणि तो सिंकच्या तळाहूनही खोल गेला, तर डायोड त्यालाच तळ समजतो. कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त भरतो आणि गळती त्याला सावकाश ताळ्यावर आणेपर्यंत चित्र उजळलेले राहते. यावर उपाय म्हणून स्टुडिओतल्या यंत्रांत डायोडला कायम राखणीला बसवत नसत. सिंकच्या लगेच मागे काळ्याच्या पातळीवरचा जो काही मायक्रोसेकंदांचा सपाट तुकडा असतो, तेवढ्याच वेळात उघडणारे फाटक वापरत. बाकी वेळी कितीही खरखर झाली तरी फाटक बंद.

मग इतका स्वस्त डायोड घरच्या टीव्हीत का टाळला जाई? कंजूषपणा एवढेच उत्तर पुरत नाही. पातळी पुनःस्थापित केली की उजळ प्रसंगात पडद्यावर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा सरासरी प्रवाह वाढतो आणि अंधाऱ्या प्रसंगात घटतो. हा फरक सोसायला पिक्चर ट्यूबचा हजारो व्होल्टचा पुरवठा दणकट लागतो, नाहीतर उजळ प्रसंगात चित्र फुगते. सरासरी स्थिर ठेवणारा विसराळू कपॅसिटर त्या पुरवठ्याचे काम हलके करी. काळा करडा दिसला तर लोक बटण फिरवतील, चित्र फुगले तर दुकानात तक्रार आणतील. कारखानदाराने यातले काय पत्करले ते समजण्यासारखे आहे.

स्वयंपाकघरातला क्लॅम्पर

ट्यूबचे टीव्ही गेले, पण जुन्या धाटणीच्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये हीच मांडणी अजून काम करते. त्यातला ट्रान्सफॉर्मर घरच्या २३० व्होल्टपासून सुमारे २००० व्होल्ट तयार करतो. या लहरीचा माथा २८०० व्होल्टच्या आसपास जातो. लहरी निर्माण करणाऱ्या मॅग्नेट्रॉनला मात्र ४००० व्होल्टच्या घरात व्होल्टेज लागतो. मध्ये असतो साधारण १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि एक उच्च व्होल्टेजचा डायोड. एका अर्ध्या आवर्तनात डायोड वाहतो आणि कपॅसिटर भरतो. दुसऱ्या अर्ध्यात ट्रान्सफॉर्मरचा व्होल्टेज आणि कपॅसिटरचा व्होल्टेज यांची बेरीज मॅग्नेट्रॉनवर पडते. रिकामी लहर साडेपाच हजारांपर्यंत जाऊ शकली असती, पण ४००० च्या सुमारास मॅग्नेट्रॉनच वाहू लागतो आणि पुढे चढू देत नाही. सेकंदाला ५० वेळा हे घडते. टीव्हीत जी गळती जपून मोजावी लागे, ती इथे भाजी गरम करते.

दुप्पट व्होल्टेज फुकटात मिळाला का? नाही. पहिल्या अर्ध्या आवर्तनात मॅग्नेट्रॉन उपाशी बसतो आणि ट्रान्सफॉर्मर ती सगळी शक्ती कपॅसिटरमध्ये जमा करतो. क्लॅम्परला पुढे आणखी एक डायोड-कपॅसिटर जोडून सलग दुप्पट व्होल्टेज देणारे मंडल स्विस भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख ग्राइनाखर यांनी १९१४ च्या सुमारास मांडले. त्याच्या पायऱ्या एकावर एक रचून केंब्रिजमध्ये जॉन कॉकक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांनी लाखो व्होल्ट मिळवले आणि १९३२ मध्ये लिथियमचे अणुकेंद्रक फोडले; त्यासाठी त्यांना १९५१ चे नोबेल मिळाले. ओव्हनच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी: प्लग काढल्यावरही तो कपॅसिटर भरलेला राहू शकतो आणि त्याचा झटका जीवघेणा असतो. मागचे झाकण घरी उघडू नये.

हद्दीच्या दगडाची युक्ती कॅमेऱ्यातही टिकून आहे. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या कडेला काही बिंदू धातूच्या थराने कायमचे झाकलेले असतात. त्यांच्यावर प्रकाश कधीच पडत नाही, म्हणून ते जे सांगतील तो काळा. बाकीच्या सगळ्या बिंदूंची पातळी त्यांच्यावरून ठरवली जाते.

हे स्वतः पाहायचे असेल तर वर दिलेला कपॅसिटर, रेझिस्टर, एक साधा डायोड आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतला ऑसिलोस्कोप पुरतो. फक्त स्कोपच्या इनपुटचा स्विच आधी ‘डीसी’वर आहे ना ते बघा. तो ‘एसी’वर असेल तर स्कोपच्या आतला कपॅसिटर वाटेत येतो, आणि क्लॅम्परने उचललेली लहर पुन्हा शून्याच्या दोन्ही बाजूंना जशीच्या तशी उभी दिसते.